पानाची रात्रपाळी: ऑर्किडमधला व्हायरस आणि आपला सोलापूरचा उन्हाळा

गच्चीवाली (जुळे सोलापूर) · २१ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

गच्चीवर पंचाहत्तर टक्के सावलीची जाळी बांधून सहा वर्षं ऑर्किड सांभाळतेय. सोलापुरात ऑर्किड म्हणजे उजनीत देवमासा पाळण्यासारखं, असं आमचे हे म्हणतात. तरी डेंड्रोबियम दरवर्षी फुलायचं, फॅलेनॉप्सिस रडतखडत का होईना जगायचं. दोन कॅटलिया आहेत, एक ऑन्सिडियम आहे.

गेली दोन वर्षं मात्र काहीतरी बिनसलंय. सगळ्यात जुन्या डेंड्रोबियमच्या पानांवर फिकट पिवळ्या रेघा आल्या, नंतर काही ठिकाणी खोलगट काळपट डाग. आधी वाटलं ऊन लागलं. मग लाल कोळी समजून फवारलं. मग मॅग्नेशियम कमी असेल म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं. बोअरच्या पाण्याचा क्षार असेल म्हणून आरओचं पाणी सुरू केलं, घरात त्यावरून भांडण झालं ते वेगळंच. कशानेही फरक नाही. शेवटी व्हायरस तपासायच्या पट्ट्या मागवल्या. पान कुटून दिलेल्या द्रावणात घालायचं आणि त्यात पट्टी बुडवायची. दोन रेघा आल्या. आमचे हे पट्टी बघून दोन मिनिटं गप्पच बसले होते, त्यांना वाटलं भलतंच काही.

जुन्या डेंड्रोबियमला सिम्बिडियम मोझॅक व्हायरस. एका फॅलेनॉप्सिसला तो आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट, दोन्ही. बाकीच्यांचं तपासायचंय, पट्ट्या महाग आहेत.

यावर औषध नाही हे कळलंय, त्यामुळे "अमुक फवारा" सांगू नका. मला समजून घ्यायचंय की हा व्हायरस पानाच्या आत नेमकं करतो काय. झाड मरत नाही. नुसतं खंगत जातं. तीन वर्षांपूर्वीची कांडी हातभर होती, यंदाची वीतभर. खायला-प्यायला सगळं देतेय, मग जातंय कुठं?

---

शेंगाचटणी · २१ मार्च, रात्री १०.०५

काय करायलाव ताई, आरओचं पाणी झाडाला? आमच्याकडं माणसाला मिळंना. वाचतोय.

---

डाळिंबवाला (सांगोला) · २२ मार्च, सकाळी ६.१५

डाग खोलगट आणि काळपट म्हणताय, तेल्यासारखा प्रकार नाही ना? आमच्याकडं तेल्यानं बागाच्या बागा काढाव्या लागल्या. केगावच्या डाळिंब केंद्रात विचारून बघा.

---

गच्चीवाली · २२ मार्च, सकाळी ९.३०

नाही दादा, तेल्या जिवाणूचा, हा विषाणू. आणि केगाव डाळिंबाचं, ऑर्किडचं राष्ट्रीय केंद्र सिक्कीममध्ये पाक्योंगला. तिकडे पान घेऊन जायचं म्हणजे आधी मलाच रजा मिळायला हवी.

---

प्रयोगवही · २२ मार्च, रात्री ११.२०

ताई, प्रश्न आवडला. निवृत्त झालोय, त्यामुळे सवडीने लिहितो. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण ऑर्किड मी घरी ठेवत नाही. एवढं कौतुक कुणाचंच होत नाही माझ्याच्याने.

आपण सोलापूरचे, म्हणून मागाचंच उदाहरण घेऊ. चादरीवरची नक्षी जेकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरते. माग तुमचा, सूत तुमचं, वीजबिल तुमचं, कामगार तुमचे. रात्री कुणीतरी येतो आणि फक्त पुठ्ठे बदलून जातो. सकाळपासून तुमच्या मागावर त्याची चादर निघायला लागते. व्हायरस एवढाच आहे, पुठ्ठ्यांची एक माळ. सिम्बिडियम मोझॅकची माळ म्हणजे आरएनएची जेमतेम सव्वासहा हजार अक्षरं. त्याला स्वतःचा माग नाही, स्वतःचं सूत नाही. पेशीतले रायबोसोम त्याची प्रथिनं विणतात, आणि त्याला लागणारी अमिनो आम्लं नि ऊर्जा पानाच्या खात्यातून जाते.

किती जाते? ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हा तंबाखूच्या मोझॅक विषाणूचा भाऊबंद. तंबाखूच्या पानात तो विषाणू पुरता माजला की पानातल्या एकूण प्रथिनांचा मोठा हिस्सा एकट्या त्याच्या वेष्टनाचा, म्हणजे माळेवरच्या आवरणाचा होतो. आणि पानातलं नत्र मुख्यतः कुठं गुंतलेलं असतं? हरितलवकात. रुबिस्को नावाचं प्रथिन हवेतला कार्बन पकडतं, पानातलं सगळ्यात मुबलक प्रथिन तेच. म्हणजे ज्या मागावर झाडाची भाकरी विणली जाते त्याच मागाचं सूत पळतंय.

पिवळी रेघ दिसते तिथं हरितद्रव्य कमी झालेलं असतं. मोझॅक पडलेल्या पानांत हरितलवकांच्या आतल्या पडद्यांची चळतच विस्कटलेली दिसते. तंबाखूच्या व्हायरसचं वेष्टन-प्रथिन तर हरितलवकात शिरून तिथल्या पडद्यांना चिकटलेलं सापडलंय, आणि अशा पानात फोटोसिस्टीम-दोन, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर पाण्यातून इलेक्ट्रॉन काढणारा पहिलाच टप्पा, मंदावतो.

उरलेलं उद्या, डोळे दुखतात.

---

शेंगाचटणी · २३ मार्च, सकाळी ८.००

सोलापुरात धागा काढला आन त्यात बी मागच निघाला. सर, फुडं लिवा.

---

प्रयोगवही · २३ मार्च, रात्री १०.४५

हे डोळ्यांना दिसायच्या आधी यंत्राला दिसतं. पान अर्धा तास अंधारात ठेवतात, मग त्यावर एकदम झगझगीत प्रकाश सोडतात आणि पान जी अंधुक तांबडी चमक परत फेकतं ती मोजतात. त्यावरून पकडलेल्या प्रकाशाचा किती वाटा कामाला लागू शकतो ते काढतात, निरोगी पानाचा आकडा सुमारे ०.८३ येतो. तो खाली आला की समजायचं, प्रकाश पडतोय पण कामाला लागत नाहीये. न वापरलेला प्रकाश निमूट बसत नाही, तो पानालाच भाजतो. ताईंनी आधी "ऊन लागलं" म्हटलं ते म्हणून अगदीच चूक नव्हतं. निरोगी पान जेवढं ऊन पचवतं, तेवढंच ऊन आजारी पानाला जास्त होतं.

सिंगापुरात १९९९ च्या सुमारास ऑन्सिडियमवर हे मोजलंय. व्हायरस असलेली रोपं आणि व्हायरस काढून टाकलेली रोपं. काढून टाकलेल्यांची प्रकाशसंश्लेषणाची क्षमता जास्त निघाली आणि प्रखर उजेडात त्यांचं नुकसान कमी झालं.

दुसरी बाजू खर्चाची. आजारी पानाचा श्वसनाचा खर्च सहसा वाढतो, कारण चोराची चादर विणायलाही वीज लागतेच, शिवाय झाड प्रतिकाराची रसायनं बनवत राहतं. आणि झालेली साखरसुद्धा नीट बाहेर पडत नाही. पेशी-पेशींमधल्या बारीक वाटांनी व्हायरस पसरतो आणि लांबचा प्रवास अन्नवाहिन्यांतून करतो. त्या वाहतुकीत बिघाड झाला की पानात पीठ (स्टार्च) साचतं आणि नव्या कोंबाला उपास घडतो. मिळकत घटली, खर्च वाढला, आणि उरलेला पैसा तिजोरीत अडकला. वीतभर कांडीचा हिशोब हाच.

---

नवखा · २४ मार्च, दुपारी १.१०

सर, मूर्ख प्रश्न असेल तर माफ करा. आठवीच्या मुलीला पुस्तकात दिलंय की झाडं दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात. एका फुलवाल्याने सांगितलं ऑर्किड रात्री घेतं, म्हणून बेडरूममध्ये ठेवा. खरं काय?

---

प्रयोगवही · २४ मार्च, रात्री ९.५०

प्रश्न मूर्ख नाही, धाग्याचा कणाच तो आहे. बेडरूमचं सोडा, एका कुंडीने खोलीची हवा बदलत नाही. पण रात्रीचं खरं आहे.

फॅलेनॉप्सिस, कॅटलिया, जाड पानांची डेंड्रोबियम ही मूळची झाडाच्या फांदीवर राहणारी. मुळाला माती नाही, पाणी पाऊस पडेल तेव्हा. दिवसा पर्णरंध्रं उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून ती रात्री उघडतात. रात्री आत आलेला कार्बन मॅलिक आम्लात बांधून पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या रसाच्या पिशवीत, साठवतात. दिवसा दारं बंद, आतल्या आत आम्ल फोडायचं, कार्बन मोकळा करायचा आणि उन्हाच्या ऊर्जेवर साखर करायची. रात्रपाळीने सूत गोदामात भरायचं, दिवसपाळीने विणायचं. पातळ पानांचं ऑन्सिडियम मात्र साध्या झाडासारखं दिवसाच कार्बन घेतं.

आमची घरची पानफुटी हेच करते. तिचं पान पहाटे आंबट लागतं आणि दुपारनंतर जवळजवळ बेचव. ही गोष्ट जगापुढे आणली ती आपल्याच देशात काम केलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८१३ सालच्या पत्रात, नुसतं पान चघळून! घोळाच्या भाजीचा आंबूसपणाही याच कुळातला, पाणी तुटलं की घोळसुद्धा रात्रपाळीला लागतो.

आता यात व्हायरस कुठं बसतो ते बघा. रात्री आलेला कार्बन पकडायला एक रेणू लागतो, आणि तो बनतो काल दिवसा साठवलेल्या पिठापासून. दिवसपाळी मंदावली की पीठ कमी, पीठ कमी की त्या रात्री कार्बन कमी पकडला जाणार, तो कमी म्हणजे उद्याची दिवसपाळी आणखी रिकामी. पीठ साचूनही उपयोग नाही, वेळेवर सुटलं पाहिजे. साध्या झाडात तोटा त्या दिवशीचा. इथं तोट्यावर व्याज चढतं.

---

कडकभाकरी (सध्या पुणे) · २५ मार्च, सकाळी ७.३०

माझ्याकडे कोथरूडला एक फॅलेनॉप्सिस आहे, तपासलेलं, सिम्बिडियम मोझॅकवालं. तीन वर्षं बिनधास्त फुलतंय. बहुतेक ऑर्किडांत हा व्हायरस लक्षणं न दाखवता बसून असतो असंही वाचलंय. मग ताईंचंच का खंगतंय?

---

प्रयोगवही · २५ मार्च, रात्री १०.१५

माझा अंदाज सांगतो, अंदाज म्हणूनच घ्या. रात्रपाळीला गार हवा लागते. रात्र गरम असली की रिक्तिकेत साठवलेलं आम्ल नीट कोंडून राहत नाही, कार्बन पकडणारं विकर (एन्झाइम) त्या आम्लापायी लवकर थांबतं, आणि श्वसनात कमाई उडते. मे महिन्यात जुळे सोलापुरात रात्री साडेबाराला गच्चीवर अनवाणी उभं राहून बघा. दिवसा ४२-४३, पहाटे २६-२७. निरोगी ऑर्किडसुद्धा इथं चार महिने तोट्यात असतं. त्यात व्हायरस. पुण्याच्या झाडाला चोरी परवडते, सोलापूरच्या झाडाला परवडत नाही.

---

अक्कलकोटरोड · २६ मार्च, दुपारी ३.४५

आमची आई चाळीस वर्षं विड्या वळते. घरात तंबाखू कायम. तुम्ही वर तंबाखूचा व्हायरस म्हणालात. आमच्या दारातली टोमॅटोची रोपं नेहमी चट्ट्यापट्ट्याची होतात. आईच्या हाताने?

---

प्रयोगवही · २६ मार्च, रात्री ९.००

शक्यता आहे. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळवलेल्या, प्रक्रिया केलेल्या तंबाखूतही तग धरून राहतो आणि टोमॅटो-मिरचीला हातावाटे धरतो. टोमॅटोला इतरही व्हायरस पिवळेपणा आणतात, पांढऱ्या माशीवाले, त्यामुळे आईवर आळ घेऊ नका. विड्या वळल्यावर साबणाने हात चोळून धुवायचे आणि मगच रोपाला हात लावायचा, एवढं करून बघा. ऑर्किडचा रिंगस्पॉट वेगळा, पण चिवटपणा तोच घराण्याचा.

---

डाळिंबवाला · २७ मार्च, सकाळी ५.५०

पपईच्या रिंगस्पॉटला मावा कारणीभूत. यांचा वाहक कोण? आणि केळीसारखं टिश्यूकल्चरचं रोप आणलं तर प्रश्न मिटेल ना?

---

प्रयोगवही · २७ मार्च, रात्री १०.३०

या दोघांचा ज्ञात कीटक-वाहक नाही. वाहक आपणच. कात्री, हात, जुन्या कुंड्या, एका कुंडीतून दुसरीत ठिबकणारं पाणी.

टिश्यूकल्चरची कथा गमतीची आहे. फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी १९६० मध्ये सिम्बिडियमच्या कोंबाचं अगदी टोक कापून त्यातून व्हायरसमुक्त रोपं केली. टोकाशी व्हायरस सहसा पोचलेला नसतो, हा त्यातला विचार. त्यातूनच एका झाडाची हजारो रोपं करण्याचा धंदा उभा राहिला. पण हा व्हायरस टोकाच्या फार जवळपर्यंत जातो. तुकडा जरा मोठा घेतला किंवा मातृझाड तपासलंच नाही, तर एकाऐवजी हजार आजारी रोपं. म्हणून "टिश्यूकल्चरचं आहे" हे प्रमाणपत्र नव्हे, तपासणी झाली का ते विचारा.

---

गच्चीवाली · २७ मार्च, रात्री ११.५५

सर, हे वाचून झोप उडालीय.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्याच डेंड्रोबियमची पिल्लं, म्हणजे त्याला फुटलेली छोटी रोपं, वाण म्हणून दिली. नऊ जणींना. छोट्या कुंड्या रंगवून, गोंडा बांधून. आणि सगळी पिल्लं एकाच कात्रीने कापली, मधेमधे स्पिरिटच्या बोळ्याने पुसून. त्याच कात्रीने नंतर फॅलेनॉप्सिसच्या वाळक्या मुळ्या कापल्या.

---

कडकभाकरी · २८ मार्च, सकाळी ७.१०

वाण लुटलं म्हणतात ते हेच. रागावू नका ताई, मीही स्पिरिटच वापरायचो.

स्पिरिटवर हा व्हायरस मरेल याचा भरवसा नाही. मी आता झाडागणिक नवं दाढीचं ब्लेड वापरतो, काम झालं की फेकायचं. कात्री वापरायचीच तर पातं लाल होईपर्यंत ज्योतीवर, किंवा एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवून. ब्लीचने कात्री गंजते, स्वस्तातली घ्या. नारळाच्या शेंड्या आणि कोळसा दुसऱ्यांदा वापरत नाही.

---

गच्चीवाली · १९ मे, रात्री १०.२०

पावणेदोन महिन्यांनी आलेय. मधल्या काळात सरांनी व्यक्तिगत निरोपात एक प्रयोग सांगितला, तो केला. पानाचा लहान तुकडा पहाटे साडेपाचला कापायचा, तेवढ्याच वजनाचा दुसरा संध्याकाळी साडेसहाला. दोन्ही डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळायचे, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि पातळ कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने सोडत गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंब मोजायचे. जास्त थेंब म्हणजे जास्त आम्ल. पहाट वजा संध्याकाळ, ही झाली रात्रपाळीची कमाई. सोडा हाताला लागू देऊ नका, चष्मा लावा. ब्लेड दर झाडाला नवं!

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निरोगी फॅलेनॉप्सिसच्या दोन वेळांत ठळक फरक आला. आजारी फॅलेनॉप्सिसचा फरक स्पष्टपणे कमी. मे मध्ये परत केलं, तेव्हा निरोगीचाही फरक चांगलाच घसरला होता आणि आजारी झाडात पहाट-संध्याकाळ ओळखूच येईना.

---

प्रयोगवही · २० मे, सकाळी ६.४०

शाब्बास! दोनच झाडं आणि घरचा काटा, यावरून काही सिद्ध होत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. आजारी झाडाचं पान जुनं असलं तरी असा फरक येऊ शकतो. पण वही जपून ठेवा.

---

शेंगाचटणी · २० मे, सकाळी ८.२५

ते समदं ठीक, वाणाचं काय झालं? नऊ बायकांना फोन केलाव का नाही?

---

गच्चीवाली · २० मे, रात्री ९.१५

केले. लाज वाटत होती पण केले. चौघींचं झाड आधीच उन्हाळ्यात गेलं होतं आणि त्या मला सांगायला संकोचत होत्या. चौघींनी परत दिलं, ती पिशवीत बांधून कचऱ्यात दिली. माझं मूळ डेंड्रोबियम आणि दोन्ही व्हायरसवालं फॅलेनॉप्सिसही काढलं. कॅटलिया आणि ऑन्सिडियम तपासले, निघाले साफ.

राहिल्या नवव्या, बाळे भागातल्या काकू. त्या म्हणाल्या, "तुझ्याकडं सुकलं म्हणून माझं कशाला टाकू? माझ्याकडं दोन तुरे आलेत, येऊन बघ." गेले. खरंच दोन तुरे, भरगच्च. तिथंच पट्टी लावली, दोन रेघा. काकूंनी पट्टी हातात घेऊन विचारलं, "मग आजारी कोण गं, झाड का तू?"

त्यांच्या परसात आड आहे, वर जांभळाची सावली, खाली शहाबादी फरशी आणि रोज संध्याकाळी दोन बादल्या पाण्याचा सडा. दुसरं एकही ऑर्किड नाही, त्यामुळे पसरायची भीती नाही. झाड तिथंच ठेवलं. पिल्लू कुणाला द्यायचं नाही एवढं कबूल करून घेतलं. कमाल-किमान थर्मामीटर फांदीला टांगून आलेय, दुसरं माझ्या गच्चीवर.

---

प्रयोगवही · २१ मे, सकाळी ६.०५

वाट पाहतो. आकडे दोन्हीकडचे एकाच रात्रीचे टाका.

---

गच्चीवाली · २९ मे, सकाळी ७.५०

आठ रात्री झाल्या. सगळ्या रात्री काकूंचं परस माझ्या गच्चीपेक्षा गार, कधी दोन अंशांनी, एकदा चार. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "ते मला थर्मामीटरशिवाय ठाऊक होतं, मी तिथंच झोपते."

जाळी पुढच्या आठवड्यात खाली जिन्याजवळ हलवतेय.